उजवीकडे ओढणारी गाडी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. चाके दोन, पण हँडल नाही, पेडल नाही आणि घंटी तर नाहीच नाही. मला ओढायची एक कुत्री. सध्या मी सायकल दुरुस्तीच्या दुकानात खुंटीवर लटकते आहे. ही वेळ माझ्यावर कोणामुळे आली ते सांगते. सांगताना माझा अजूनही जळफळाट होतो, तेवढे सांभाळून घ्या.

दुकानाच्या मिस्त्रींची ठकी नावाची कुत्री होती. पाठ लांबलचक, पाय आखूड, आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या पायांत घुटमळायची सवय. एकदा तिने माळ्याच्या पायरीवरून उडी मारली आणि किंकाळी फोडून जी बसली ती बसलीच. पाठीच्या मणक्यांमधली चकती सरकली होती. मेंदूचे निरोप पायांपर्यंत नेणारा मज्जारज्जू तिच्याखाली दबला होता. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया करून दाब काढला, तरी मागचे दोन्ही पाय फरफटतच राहिले.

तेव्हा मिस्त्रींनी मला घडवले. लहान मुलांच्या सायकलची दोन चाके, जुन्या कॅरिअरच्या नळ्या, मुलीच्या फाटक्या दप्तराचे पट्टे. ठकीचे मागचे पाय अधांतरी राहावेत म्हणून ट्यूब कापून दोन झोळ्या केल्या. पहिल्याच दिवशी ठकी मला घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत सुसाट धावली. जो तो थांबून विचारी, "मिस्त्री, ही गाडी कुठे मिळाली हो?" मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसत. मी तर हवेतच होते. ठकीचे पाय म्हणजे आता मीच, असे मी धरून चालले.

पण त्या घरात एक टॉवेल होता. जुना, विटका, एका कडेला दोरे निघालेला. मिस्त्रींची मुलगी रोज सकाळी मला बाजूला ठेवून तो टॉवेल ठकीच्या पोटाखालून घाली, मागचा भाग उचलून धरी आणि तिला अंगणात चालवी. मग तिला कुशीवर निजवून तिचे पाय पेडल मारल्यासारखे गोल गोल फिरवी. "चल गं माझी बाय, अजून दहा वेळा," असे लाडीगोडीने म्हणे. माझ्याशी असे कोणी कधी बोलले नाही. मला त्या टॉवेलचा इतका राग येई की वाटे, याला चाकात ओढून याच्या चिंध्या कराव्यात.

आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई येत आणि ठकीच्या मागच्या बोटाला चिमटा घेत. एकदा पाय झटकन मागे आला. मिस्त्री ओरडलेच, "आला! पाय आला!"

"थांबा, मिस्त्री," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय नुसता आखडला. ते खालच्या खाली होतं, मेंदूला पत्ताही नसतो. मान वळवून माझ्याकडे बघेल, कळवळेल, तेव्हा निरोप वर पोचला म्हणायचं."

"पण डॉक्टर, मज्जारज्जू परत जुळतो ना?" मुलीने विचारले.

"काही माशांचा तुटलेलासुद्धा जुळून येतो. कुत्र्याचं तसं नाही. तुटलेले धागे सहसा जुळत नाहीत. पण जे नुसते दबलेत ते हळूहळू जागे होतात, उरलेले इतरांचं काम शिकतात. व्यायाम सोडू नका. आणि गाडीतल्या त्या झोळ्या काढा, पाय जमिनीला टेकू देत."

ठकी मासा नाही, हे ऐकून मी मनातल्या मनात टुणकन उडी मारली. झोळ्या गेल्याचे मात्र वाईट वाटले.

दोन आठवड्यांनी मी उजवीकडे ओढू लागले. मिस्त्रींनी मला उलटे टांगले, चाके फिरवली, एकेक तार पिळून आऊट काढला. चाकाचा वाकडेपणा काढण्याला दुकानात असेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उजवीकडे! त्यांनी चाकांतले छर्रे, म्हणजे आतल्या बारीक लोखंडी गोळ्या, बदलले, पुन्हा आऊट काढला. तिसऱ्यांदाही तेच. शेजारचा शिंपी म्हणाला, "मिस्त्री, हात गेला वाटतं तुमचा." मिस्त्रींचा चेहरा पडला.

मला कारण पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ठकीचा डावा पाय जमिनीला रेटा देत होता. अगदी हलका, पण माझ्या नळीला तो कळत होता. मला बोलता येत नाही हे खरे, पण येत असते तरी मी चकार शब्द काढला नसता. पाय जागे झाले की मला कोण विचारणार?

शेवटी मिस्त्री वैतागून म्हणाले, "तिचे पायच मध्ये येतायत. उद्या पुन्हा झोळ्या बांधतो."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पाय पुन्हा अधांतरी, आणि ठकी कायमची माझी!

"बाबा," मुलगी म्हणाली, "आधी रिकामी ढकलून बघा ना."

मिस्त्रींनी मला दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ठेवले आणि ढकलले. मित्रांनो, तेव्हा वाकडे जावे म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. पण तीन वेळा आऊट काढलेली चाके ती, आणि हात मिस्त्रींचा. मी सरळ रेषेत गेले आणि समोरच्या भिंतीला टेकले.

मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिले. मग खाली बसत म्हणाले, "अगं, गाडीत दोष नाहीच. आपली ठकी पाय मारतेय!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी डाव्या बोटाला चिमटा घेतला. ठकीने गर्रकन मान वळवली, कळवळली आणि त्यांच्या हाताला तोंड घातले. ठकीला दुखले म्हणून सगळे घर हसले आणि मिस्त्री डोळे पुसू लागले, तेही त्या टॉवेलने.

पुढे उजवा पायही जागा झाला. ठकी आता चालते. मागून जराशी झुलते, वळताना कधी बसकण मारते, पण चालते स्वतःच्या पायांनी. टॉवेल अजून घरात मिरवतो. मी खुंटीवर आहे. ठकी माझ्याखालून जाते, पण मान वर करून बघत नाही. जळते का मी? जळते. का खोटे बोलू?

फक्त एक मागणे आहे, मित्रांनो. मला गंजू देऊ नका, चाकांत दोन थेंब तेल सोडत जा. माझ्यासारखी गाडी कधी कोणा ठकीसाठी लागेलच. आणि तेव्हा मी वाकडी चालू लागले, तर पाना नंतर उचला. आधी तिचे पाय बघा. मला ते ठाऊक असेल, पण मी काही सांगायची नाही.