ठमीची वाट

बालवाडीच्या बाईंना आपल्या खिडकीचा भारी अभिमान. वर्गात पाच भाषा बोलणारी पोरं, अक्षर एकालाही येत नाही, पण प्रत्येकानं रस्त्याकडच्या काचेवर आपल्या घरची वाट चिकटवलेली. फोटो, रंगीत कागद आणि खाली एकेक बटण. दाबलं की त्या वाटेवरचा आवाज. चित्रंसुद्धा वाचायचीच असतात, असं बाई येईल त्याला ऐकवायच्या.

ठमीच्या आईनं प्रवेश घेताना हात जोडून एकच गोष्ट मागितली होती. नवऱ्याच्या मारापासून लपून त्या दोघी या गावात आल्या होत्या. नाव, पत्ता कुठे दिसता कामा नये. बाईंनी शब्द पाळला. ठमीच्या वाटेवर एक अक्षर नव्हतं. नुसतं सायकलचं दुकान, पिवळा जिना, हिरवं दार आणि बटणात घरमालकांचा कुत्रा.

ठमीनं चार महिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. आज खेळाच्या सुट्टीनंतर तिनं बाईंचा हात ओढला.

"बाई, मी वाचून दाखवलं."

अगं बाई, पोरगी बोलली! बाई हरखल्या. कुणाला गं, असं त्यांनी कौतुकानं विचारलं.

"बाबांना. ते काचेबाहेर होते. मी बोट फिरवलं, हिरव्या दारापर्यंत."

बाई खिडकीकडे धावल्या. रस्त्यावर आता कुणीच नव्हतं. पत्ता म्हणजे फक्त अक्षरं, असं त्या समजून बसल्या होत्या. जगाला रोज शिकवायचं आणि स्वतः मात्र कोरडं राहायचं! त्यांनी ठमीच्या आईला फोन लावला. आई रात्रपाळी करून या वेळी घरी झोपलेली असायची. घंटा वाजत राहिली. मागे ठमी खुशीत बटण दाबत होती, कुत्रा भुंकत होता. बाईंनी तिचा हात धरून ठेवला.

अखेर आईनं फोन उचलला. ठमी बरी आहे ना, एवढंच तिनं घाबरून विचारलं. "आहे, पण..." बाई सांगू लागल्या.

तेवढ्यात कुत्रा भुंकला. बटणावर कुणाचंच बोट नव्हतं. आवाज फोनमधून येत होता.

"थांबा हं बाई," आई म्हणाली, "मालकांनी नळवाला पाठवला वाटतं. दार उघडून येते."

उघडू नका, असं बाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या. तिकडे फोन खाटेवर ठेवलेला होता.