शिडी

"अजून मोठं कर," कमळाबाई म्हणाली.

महिपतने माउस दाबला. पडद्यावर रुचिताच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. आणखी दाबला तसं नाक कुठलं नि ओठ कुठला तेही कळेना.

मुरबाडच्या एसटी स्टँडला लागूनच महिपतचं शूटिंगचं दुकान. वैशाखऱ्याहून आलेली कमळाबाई स्टुलाच्या कडेला टेकली होती, नीट बसायलाही सवड नसल्यासारखी. रुचिता, तिची लेक, वाशिंदच्या कारखान्यात कामाचं विचारायला म्हणून गेली ती परतलीच नव्हती. पोलीस म्हणाले, फोटो आणा, स्टँडवरही लावा. घरात होते तेवढे फोटो अर्जाला लागतील म्हणून पोरीनेच पर्समध्ये घालून नेलेले. उरली ती पुतण्याच्या लग्नाची सीडी. तीत रुचिता करवली होती, कऱ्हादिवा घेऊन उभी.

"मूळ कॅसेट असंल ना तुझ्याकडं?"

"तिच्यावर दुसरं लग्न घेतलं, काकी. आमी तसंच करतो."

"मग शिडीत तरी नीट का नाय घेतलंस?"

सीडीला ती शिडीच म्हणायची.

"तुमीच बोललात ना काकी, हळदीपासून वरातीपर्यंत सगळं एकाच शिडीत बसव. दोन-तीन होत होत्या."

बोलली होती. पाहुणे बसलेले असताना मधेच उठून शिडी बदलत बसायची, ही नसती कटकट हवी होती कुणाला? आणि गोण भरायची तर दाबून, ठासून भरायची, ही तिच्या सासरची शिस्त. अर्धी गोण दिसली की सासू अख्ख्या आळीला ऐकवायची.

"जास्त बसवलं तर काय बिघडलं?"

"ती काय गोण नाय, काकी. चित्र म्हंजे नुसते ठिपके. जागा तेवढीच, लग्न मोठं, म्हणून ठिपके कमी घेतले. जे तवा घेतलंच नाय, ते आता कुठून आणू?"

कमळाबाईला ते कळलं. जिथे रोपच लावलं नव्हतं, तिथे ती विळा घेऊन उभी होती.

"ओठाखाली तीळ हाय तिच्या. तो तरी दिसू दे."

महिपतने पडद्यावर एक काळा ठिपका काढला. त्याने पोर आणखीच परकी झाली.

"पूस तो," ती म्हणाली.

शेवटी जसा होता तसाच फोटो छापून निघाला. खाली नाव, गाव, पत्ता. कमळाबाईने कागद डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे धरला, पदराने हलकेच पुसूनही पाहिला.

"मीच पुसली रे तिला," म्हणाली आणि कागद तिथेच टाकून पायऱ्या उतरली. रस्ता ओलांडून ती पलीकडच्या रसवंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"काकी, कागद राहिला तुमचा."

तिने वळून पाहिलं. महिपत दारात कागद उंच धरून उभा होता आणि कागदातून रुचिता बघत होती. कॅमेऱ्याच्या दिव्याने डोळे जरासे बारीक केलेले, हसू दाबलेलं. तीच. कमळाबाई धावतच आली. पायरीशी पोचेपर्यंत पुन्हा चौकोन. ती मागे सरकली. पोर परत आली.

"शिडी हाय का तुझ्याकडं?"

"दुकानात हाय की. अजून एक काढून देऊ?"

"चढायची रे."

महिपतने माळ्यावर चढायची शिडी काढली. स्टँडच्या भिंतीवर हरवलेल्यांचे बाकीचे कागद हाताला येतील असे लावलेले. कमळाबाईने हा पार वर, गाड्यांच्या टपांच्याही वर लावायला सांगितला.

"इतक्या वरचं कोण वाचणार, काकी?"

"वाचायचं नाय. लांबून बघायचं."

कागद चिकटला. महिपत शिडी खांद्यावर टाकून गेला. कमळाबाई स्टँडच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिथून लेकीकडे बघत राहिली.

मग वैशाखऱ्याकडे जाणारी गाडी लागली. ती नेमकी त्या कागदाखालीच लागली. कंडक्टरने हाक दिली, पुन्हा दिली, घंटी मारली. कमळाबाई जागची हलली नाही.