हॉस्पिटलचा जोड

एर्सिलियाच्या कपाटातल्या सगळ्यांत खालच्या खणात नवऱ्याचा हॉस्पिटलचा जोड होता, आणि शिवून आणल्यापासून तो कोणी अंगाला लावला नव्हता. यात नवल काही नाही. इटलीतल्या आस्कोलीत घरटी असा एक खण असतो. झोपायचा सदरा-पायजमा, वरून घालायचा झगा, कातडी सपाता, दोन मऊ टॉवेल, सगळं पातळ कागदात गुंडाळून, लॅव्हेंडरची पुडी घालून ठेवलेलं. घरी माणूस विटक्या बनियनवर झोपेल, पण हॉस्पिटलच्या खाटेवर त्याला डॉक्टर बघणार, नर्स बघणार, शेजारच्या खाटेचे पाहुणे तर माना वळवून वळवून बघणार. मरण यायचं तेव्हा येईल, पण त्याने आपल्याला भोकाच्या मोज्यांत गाठू नये, एवढीच अपेक्षा. कोणाला याचं हसू येत असेल तर त्याने खुशाल हसावं, फक्त आधी स्वतःचे मोजे तपासावेत.

मंगळवारी दुपारी अंकोनाच्या मोठ्या हॉस्पिटलातून फोन आला. जागा रिकामी झाली आहे, गुरुवारी सकाळी या, हृदयाची झडप बदलून टाकू. पुढची तारीख कधी मिळेल ते सांगता येणार नाही, असंही फोनवरच्या बाईने सांगितलं. डॉक्टर तर उन्हाळ्यापासून कानीकपाळी ओरडत होते की थांबू नका.

"काढ जोड," तिचा नवरा सेत्तिमिओ म्हणाला. आवाज अगदी सरळ होता, बस सुटायची वेळ झाली म्हणून सांगावं तसा.

सेत्तिमिओने जन्मभर गावातली बस चालवली होती आणि भर ऑगस्टातसुद्धा टायची गाठ सैल केली नव्हती. बाकीचे ड्रायव्हर विचारायचे, बस हाकायला चाललास की वऱ्हाडात? तो म्हणायचा, माझ्या बसमध्ये बायका केस विंचरून चढतात, मी काय त्यांच्यासमोर केळीवाल्यासारखा बसू? असा हा गडी. वर्षभरात आजाराने त्याला आतून पोखरलं होतं, पण बाहेरून इस्त्री कायम होती.

तो खोलीत गेला, कपडे बदलून स्वयंपाकघराच्या दारात आला, आणि एर्सिलियाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

आभाळी रंगाचं पॉपलिन, कडेने गडद निळा गोट, शिंपल्याची बटणं. कोपऱ्यावरच्या ग्वाल्तिएरो शिंप्याने शिवलेला जोड. ग्वाल्तिएरो जाऊन काळ लोटला, तरी टाका न् टाका जागेवर होता. नव्हता तो सेत्तिमिओ. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, खांदे दंडावर उतरलेले, आणि पायजमा घसरू नये म्हणून त्याने एका हाताने धरून ठेवलेला.

तो आरशासमोर उभा राहिला. "हा कोण?" त्याने विचारलं.

त्याने कपडे उतरवले, रागातसुद्धा घडीवर घडी नीट घातली, आणि म्हणाला, "फोन कर त्यांना. सांग, पुढच्या महिन्यात येतो."

"पुढच्या महिन्यात तुझ्यासाठी जागा राखून ठेवणार आहेत का ते?"

"मग त्याच्या पुढच्या. असल्या अवतारात मी जाणार नाही."

एर्सिलियाने लेकीला बोलावलं. लोरेदाना तासाभरात आली, ती येतानाच मॉलमधून एक पिशवी घेऊन. आत चकचकीत जोड, छातीवर नांगराचं चित्र.

"मापाचा आहे बाबा. घाल आणि चल."

सेत्तिमिओने अंगठा आणि बोट यांच्यामध्ये कापड चोळलं. "हे कापड आहे? बाथरूमच्या पडद्याला बाह्या लावल्यात."

"अरे, हॉस्पिटलात कोण बघतंय?"

"सगळे!" नवरा-बायको एका सुरात ओरडली. बऱ्याच दिवसांत त्यांचं एवढं एकमत झालं नव्हतं.

"तुम्ही दोघं ना," लोरेदाना डोक्याला हात लावून म्हणाली, "मेल्यावरसुद्धा आधी कॉलर बघाल, मग स्वर्ग." पण तिचे डोळे भरून आले होते, म्हणून ती खिडकीकडे वळली.

एर्सिलियाने मात्र दुसरंच पाहिलं होतं. घडी घालताना त्याचा तळहात पुन्हा पुन्हा स्वतःच्या छातीवर जात होता. छाती उघडणार या विचाराने माणूस पार घाबरला होता, आणि भीती वाटते म्हणायची लाज म्हणून सगळं खापर कपड्यांवर फोडत होता. त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. कपड्यांचं निमित्त होतं तर कपडे आधी नीट करायला हवे होते. मग निमित्त उरलं नसतं. पुढे त्याचं काय होईल ते हॉस्पिटल बघेल, पण तो घरात बसून राहिला तर हिवाळा काढणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी तिने त्याला स्वयंपाकघरात उभं केलं आणि जोड अंगावर चढवून टाचण्या लावायला घेतल्या. तो दोन्ही हात वर करून उभा होता, ग्वाल्तिएरोकडे उभा राहायचा तसा. कापडाखाली तिच्या बोटांना बरगड्या लागत होत्या. याच माणसाने तिला लग्नाच्या दिवशी उचलून तीन मजले नेलं होतं आणि वर पोचल्यावर धापसुद्धा लागली नव्हती. ती टाचण्या तोंडात धरून होती ते बरंच झालं, नाहीतर बोलली असती आणि रडली असती.

"टोचू नकोस," तो म्हणाला.

"हलू नकोस."

दुपारी समोरच्या घरातली ईरिदे आली. ईरिदे आणि एर्सिलिया तरुणपणी एकाच शर्टच्या कारखान्यात कामाला होत्या, आणि तेव्हापासून एकमेकींच्या टाक्यांना नाकं मुरडत आल्या होत्या. ईरिदेने चष्मा लावला, सदरा उलटा केला, टाचण्यांची रांग पाहिली.

"कापून टाक."

"बघते."

"बघायचं काय त्यात? दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड आत दुमडलंस, तर जाड शिवण होईल. कुशीवर वळला की टोचेल त्याला. आणि राखून ठेवून करणार काय? अठ्ठ्याहत्तरीत माणूस अंग धरत नसतो, एर्सिलिया."

ती दुष्टपणाने बोलली नव्हती, आणि चूकही बोलली नव्हती. म्हणूनच ते एर्सिलियाच्या वर्मी लागलं. तिने मोठी कात्री घेतली, पात्यांमध्ये कापड धरलं. कारखान्यात तिने हजारो शर्टांची जादा कापडं छाटली होती, हात कधी अडला नव्हता. आता अडला. आत ठेवलेल्या कापडाला शिंपी माया म्हणतात, आणि चांगल्या कपड्यात ती सढळ हाताने ठेवतात, कारण माणूस आज आहे तसा उद्या राहत नाही. मायाच कापून टाकली की तो कपडा फक्त आजच्यापुरता उरतो. आणि आजचा सेत्तिमिओ हाच शेवटचा सेत्तिमिओ, असं स्वतःच्या हाताने ठरवायला ती तयार नव्हती.

तिने कात्री खाली ठेवली. "मी नाही कापणार."

"हट्टी मेली."

"असेन."

ईरिदे तणतणत उठून गेली. एर्सिलियाला वाटलं, गेली ती गेली. पण पाच मिनिटांत ती परतली, एका हातात वाफेची इस्त्री, दुसऱ्या हाताच्या बोटात शिवायचं स्वतःचं अंगुस्तान. "कापायचं नसेल तर शिवण सपाट तरी पडायला हवी. तुझ्या हातच्या जाड टाक्यांवर कोणाला झोपवायचं म्हणजे पाप आहे. आण इकडे ती बाही."

मग दोघी शिवत बसल्या. एक टाका घाली, दुसरी इस्त्रीने दाबी, आणि दोघी एकमेकींना अक्कल शिकवत. ईरिदे म्हणाली, तुझे टाके लांब पडतात. एर्सिलिया म्हणाली, तुझ्या इस्त्रीला गंज चढलाय. संध्याकाळच्या फेरफटक्याला गाव चौकात लोटलं तेव्हाही या दोघी खिडकीतच होत्या, आणि हे दोघींच्या बाबतीत सहसा घडत नसे.

रात्रीच्या जेवणाआधी सेत्तिमिओने जोड घालून पाहिला. आरशासमोर बराच वेळ उभा राहिला. "कॉलर डावीकडे सूतभर वर आहे," तो म्हणाला. एर्सिलियाने कॉलर नीट केली. तो जाणार की नाही, ते विचारायची तिला हिंमत झाली नाही.

गुरुवारी पहाटे तो करड्या सुटात, टाय लावून, बूट चमकवून दारात उभा होता.

"बाबा, ऑपरेशनला निघालास की बारशाला?" लोरेदानाने विचारलं.

"बघायला जातोय," तो म्हणाला. "बघायला जाणं म्हणजे छाती उघडून देणं नव्हे."

ईरिदे दारात उभी होतीच. तिने त्याला डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं. "टाय बरा आहे," एवढंच म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पदकच.

अंकोनाला पोचल्यावर सगळं पुन्हा अडलं. एका हसऱ्या नर्सने खाटेवर हिरवा झगा ठेवला आणि म्हणाली, "सगळं काढून हा घाला. मागे बांधायचे बंद आहेत."

सेत्तिमिओने झगा उलटापालटा केला. "मागून उघडा?"

"ऑपरेशनला तोच लागतो."

"बाई, मी बस चालवलीय, सर्कशीत नव्हतो." तो खाटेच्या कडेवर बसला, सुटासकट, टायसकट. "एर्सिलिया, आपला जोड कशासाठी मापाचा केलास मग? चल. घरी चल."

लोरेदाना बोलायला गेली, तिला एर्सिलियाने डोळ्यांनी गप्प केलं. नर्सने पिशवीतून डोकावणारी आभाळी कॉलर पाहिली, बोटांनी हलकेच चाचपली. "अगं बाई, काय कापड आहे! हा नंतर घालायचा. शुद्धीवर आलात की मी स्वतः घालीन तुम्हाला. वॉर्डात जळतील बाकीचे."

सेत्तिमिओ खुलला नाही. पण सदरा त्याने हातात घेतला, मांडीवर ठेवला, आणि त्याचा अंगठा सवयीने शिवणीवरून फिरायला लागला. काखेपासून खाली. मध्येच थांबला. पुन्हा वर गेला. अंगठा आणि बोट यांच्यात त्याने शिवण दाबून पाहिली.

"हे काय आहे आत?"

"कापड."

"कापलं नाहीस?"

"नाही."

"किती आहे?"

"चार बोटं. दोन्ही बाजूंना." तिने वाकून शिवण उलटून दाखवली. "पायजम्यातही आहे. घरी आलास की सोडीन. मला तुझं ते जुनं पोट परत हवंय, सेत्तिमिओ. मी काही कापायबिपायची नाही."

त्याने शिवणीवर चार बोटं आडवी ठेवून पाहिली. मग म्हणाला, "चार बोटं भरायला खिमा भरलेले ऑलिव्ह किती तळावे लागतील तुला?"

"तळायचं मी बघते. तू खा म्हणजे झालं."

त्याने टायच्या गाठीला हात घातला. दिवसाउजेडी, परक्यांसमोर, ती गाठ सैल होताना एर्सिलिया पहिल्यांदाच बघत होती. "पण झग्याचे बंद नीट बांध," तो म्हणाला. "गाठ मधोमध आली पाहिजे."

ऑपरेशन चाललं होतं तोवर ती सदरा मांडीवर घेऊन बसून होती. लोरेदाना कॉफी आणायची, ती कॉफी गार व्हायची.

फेब्रुवारीत एका उजळ सकाळी जोड धुऊन परत खणात ठेवायचा होता. ठेवण्याआधी घालून बघायचा, हा घरचा नियम. सेत्तिमिओ दारात आला, हात वर केले, खाली केले, आणि कुरकुरला, "हा काखेत ओढतोय."

एर्सिलिया उसवायची छोटी कात्री घेऊन खिडकीशी बसली.

शिवण सोडली की जुन्या टाक्यांची बारीक भोकं मागे राहतात. पाण्याचं बोट लावून नखाने घासली की बुजतात, आणि एर्सिलियाने आजवर एकही भोक कधी कोणाच्या नजरेस पडू दिलं नव्हतं. या वेळी तिने ती तशीच ठेवली. स्वच्छ धुतलेला सदरा पुन्हा भिजवला आणि अंगणातल्या नव्हे, रस्त्यावरच्या दोरीला लावला, शिवण बाहेर करून.

समोरच्या गॅलरीत ईरिदे आली. चष्मा शोधून नाकावर ठेवला.

"एर्सिलिया! जुन्या टाक्यांच्या खुणा दिसतायत! म्हातारी झालीस गं!"

"दिसू देत."

ईरिदे कठड्यावरून वाकली. ती रांग वरपासून खालपर्यंत बघत राहिली. खाली एक स्कूटर गेली, कोणीतरी पाव घेऊन गेलं.

"किती सोडलंस?" तिने हळू विचारलं.

"दोन बोटं."

ईरिदेने चष्मा काढला, एप्रनला पुसला, पुन्हा लावला.

"उरलेलं राहू दे आत," ती म्हणाली. "लागेल."