हाक कुणासाठी?

मध्यांतराला कानिशाय गर्दीतून वाट काढत घोड्यांपाशी पोचली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ तिलेक चूळ भरत होता. घोड्यावरून मेलेला बोकड पळवून समोरच्यांच्या कठड्यात टाकायचा, त्या कोक-बोरूच्या सामन्यात पलीकडच्या खोऱ्याच्या संघाने तो दोनदा तिलेकच्या संघाच्या कठड्यात टाकला होता. यांना एकदाही जमलं नव्हतं. हरलो तर कर्णधार बदलू, असं गावच्या म्हाताऱ्यांनी तिलेकला सकाळीच बजावलं होतं.

"तुम्ही 'डावीकडे' ओरडता आणि डावीकडेच वळता," कानिशाय धापा टाकत म्हणाली. "भाषा त्यांचीही तीच आहे. तुमची हाक त्यांच्याच कामाची!"

"मग काय मुके होऊ, एजे?" तिलेकने ताईला विचारलं.

"अधूनमधून खोटं ओरड!"

तिलेकच्या संघातला कुबात खोगिराचा पट्टा आवळता आवळता थांबला. त्याचे सासरे समोरच्या संघात होते. "सासऱ्यांदेखत खोटं? आणि खरी हाक कुठली, हे मला कसं कळणार?"

कानिशायने कपाळाला हात लावला. बिश्केकच्या विद्यापीठात ती बोलण्यातल्या डावपेचांचं गणित मांडत होती आणि वर्षभर इथेच अडली होती. शब्दांत खूण पेरावी, तर शत्रूही ती शिकतो.

तेवढ्यात पलीकडून सासऱ्यांचा आवाज आला, "जावईबापू, घोडा दमला असेल तर माझं गाढव पाठवू?"

गर्दी खिदळली. कुबातही हसला.

"राग नाही आला?" तिने विचारलं.

"मला कुठे म्हणाले? गर्दीला ऐकवत होते."

कानिशायने त्याच्या घोड्याचा लगामच धरला. "हेच! अरे, हेच! शब्द सोड. तिलेकला कुणाला हलवायचंय ते बघ. त्यांचा स्वार तुझ्या वाटेत असेल, तर हाक त्याला चकवायला आहे. तू तिच्या नादी लागू नकोस. तुझी वाट मोकळी असेल, तर ती तुझ्यासाठीच. तिथे खोटं बोलून तिलेकला काय मिळणार?"

खेळ सुरू झाला. तिलेक 'डावीकडे' ओरडला आणि उजवीकडे सुटला. सासऱ्यांचा घोडा भलतीकडे वळला, बोकड कठड्यात! पुढच्या वेळी हाक खरी होती, पण शहाणे झालेले विरोधक उलट दिशेला धावले. बरोबरी!

मग त्यांनी हाकांकडे लक्ष देणंच सोडलं.

शेवटी तिघांनी तिलेकला कोंडलं. गुडघ्याखालचा बोकड निसटत होता. "उजवीकडे!" तो ओरडला. कोंडणाऱ्यांपैकी एकानेही मान वळवली नाही. उजवीकडे मोकळं रान होतं आणि जवळ एकटा कुबात.

कुबातने टाच मारली. उजवीकडे! तिलेकने फेकलेला बोकड त्याने धावत्या घोड्यावरून झेलला, कठड्यात आदळला, आणि पंचाची शिट्टी गर्दीच्या आरोळीत बुडाली. म्हातारे टोप्या उडवत तिलेकच्या नावाने ओरडत होते. कानिशाय कुणाच्या तरी आजीला मिठी मारून उड्या मारत होती.

सासरे घोडा हाकत आले. "लबाडांनो, दोनदा चकवलंत! मग शेवटची हाक खरी कशी निघाली?"

कुबातने घाम पुसला. "ती तुम्हाला मारलीच नव्हती, सासरेबुवा."