दादाची चिमूट

दादाने चकती चिमटीत धरली, तरी मोटर फिरतच राहिली.

"नीट धर ना," धाकटी म्हणाली.

"धरलीय की!"

टेबलाच्या कडेला आवळून बसवलेली ती दुकानदाराने दाखवलेल्या तीन मोटरींतली सगळ्यात लहान मोटर होती, मुठीत मावेल एवढी. तिच्या दांड्यावर बरणीच्या झाकणाएवढी एक लाकडी चकती घट्ट बसवलेली होती. ती दादाच्या बोटांतून सरसर निसटत होती आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. शेवटी त्याने हात काढून घेतला आणि विजारीला पुसला.

"पास!" धाकटी टाळी वाजवून म्हणाली. "मूर्ती लहान पण कीर्ती महान. उगाच मोठीच्या मागे लागलो होतो."

परीक्षेची ही रीत त्यांच्या वडिलांची. कारखान्यात नवीन यंत्र आणायचं म्हटलं, की ते आधी त्याचा फिरता दांडा चिमटीत धरून बघत. माझ्या चिमटीत थांबतं ते लाकडात काय दिवे लावणार, असं दुकानदाराच्या तोंडावर सांगत. ते गेल्यावर ही चिमूट दादाकडे आली. दादा नक्षीकाम करणारा, पटाशी धरून धरून त्याची बोटं सांडशीसारखी झालेली. त्यामुळे चिमूट त्याचीच. घरात दुसऱ्या कोणी कधी हात लावून बघितलं नाही आणि तसं कोणाला सुचलंही नाही.

टेबलामागे धाकटीचं लाकूड कोरायचं यंत्र उभं होतं. सांगाडा तिने स्वतः जोडला होता, रूळ बसवले होते, आता अडलं होतं ते मोटरींवर. असली मोटर सांगितली तेवढी बारीक पावलं टाकत फिरते. पण जोर कमी पडला तर पावलं चुकतात आणि तिला त्याचा पत्ताच नसतो. आपण पोचलोच अशा समजुतीत ती बिनधास्त पुढे कोरत जाते आणि अख्खी फळी वाया घालवते. म्हणून निवड चुकून चालणार नव्हती.

यंत्राचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा दादा जेवणावरून उठून गेला होता. माझ्याच पोटावर पाय द्यायला निघालीस, असं म्हणाला होता. मग वहिनीने मध्ये पडून वाटणी करून दिली. ढोबळ खोदकाम यंत्राचं, नक्षीतल्या पानाच्या शिरा दादाच्या. शिरांमध्ये यंत्राने नाक खुपसायचं नाही, हे दादाने तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं.

धाकटीने दुकानदाराला फोन लावला आणि लहान मोटरी बांधून ठेवायला सांगितल्या. मग तापते का बघायला मोटर पुन्हा चालू करून ठेवली.

वहिनी चहा घेऊन आली. मोटरीच्या किरकिरीत तिला दोघांचं बोलणं ऐकू येईना. कप टेबलावर ठेवता ठेवता तिने ओल्याच हाताने चकती धरली.

"आधी बंद कर गं ही कटकट."

चकती थांबली. मोटर आतल्या आत गुरगुरत राहिली. काय चाललंय ते वहिनीला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिने हात लावला नसता.

तिने चटकन हात सोडला. चकती पुन्हा फिरू लागली. धाकटीने पुढे होऊन ती दोन बोटांत धरली. तिलाही फार जोर लावावा लागला नाही.

तिने मोटर बंद केली. दादाच्या पटाशीच्या मुठीवर पकडीसाठी गुंडाळलेली सायकलची ट्यूब तिने रोज पाहिली होती. तो हल्ली बटणांचे शर्ट सोडून गळ्यातून घालायचे शर्ट घालतो म्हणून, म्हातारपणी हिरो व्हायचंय वाटतं, अशी थट्टाही केली होती. कोपऱ्यातल्या फळीवर अर्धवट पान होतं. त्याच्या शिरा कोरायच्या राहिल्या होत्या, कितीतरी दिवस.

"दादा, कधीपासून?"

"मोटर चांगली आहे गं," दादा म्हणाला. त्याचे हात टेबलाखाली होते.

वहिनीच उत्तर देऊ लागली. "आधी बटणं जमेनात. मग चावी. आता डावा हातही."

"डॉक्टर?"

"दोघांना दाखवलं. थांबणारं नाही म्हणाले."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी शिरा ठेवल्या असत्यास?" दादा म्हणाला.

धाकटीने दुकानदाराला फोन लावला आणि तो टेबलावर मोठ्या आवाजावर ठेवला.

"अहो, त्या लहान नकोत."

"बांधल्या की हो ताई," दुकानदार म्हणाला. "मग मधली देऊ? खोदकामाला भरपूर झाली. ती तिसरी अगदी केसाएवढी सरकते, पण तुम्हाला कशाला हवी? बारीक कामाला तुमचे दादा आहेत की."

दादा फोनवर वाकला.

"पानाच्या शिरा कोरेल अशी द्या."

"काय दादा, रिटायर होताय की काय?" पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"हो," दादा म्हणाला आणि धाकटीने फोन बंद केला.

तो उठून कोपऱ्यातली फळी आणायला गेला. ती त्याने हातांनी उचलली नाही. दोन्ही मनगटांत धरून छातीशी टेकवत आणली आणि यंत्राच्या सांगाड्याखाली ठेवली. खाली ठेवताना फळी घसरली. वहिनी पुढे झाली, तिला त्याने मानेनेच नको म्हटलं.

"शीर देठाशी खोल असते," तो म्हणाला. "टोकाकडे उथळ होत जाते, पण एकसारखी नाही. मध्ये जराशी दम खाते. हे तुझ्या यंत्राला सांगता येतं ना?"

"येतं."

"मग बस इथे. मी सांगतो, तू त्याला सांग."