शंभर व्होल्टचं घर

श्रीरंगनं जपानहून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर जळला त्या दिवसापासून आमच्या घराचा बोळ वाढतो आहे. हॉल होता तेवढाच आहे, स्वयंपाकघरही तेवढंच. मधला बोळ तेवढा लांबत चाललाय.

श्रीरंग माझा मेहुणा. अ‍ॅम्प शंभर व्होल्टचा, आपल्याकडं भिंतीतून येतात दोनशे तीस. पण त्यानं विमानतळावर पिन बदलायचा अ‍ॅडॉप्टर विकत घेतला होता आणि तो आमच्या सॉकेटमध्ये बसला. बसला म्हटल्यावर या शहाण्यानं बटण दाबलं. मी अंघोळीला गेलो होतो, नाहीतर हात धरला असता. जन्मभर लोकांचे रेडिओ आणि अ‍ॅम्प दुरुस्त केले, आणि माझ्याच घरात हे.

"दाजी, पिन तर बसली होती," एवढंच तो तेव्हापासून सोफ्यावर बसून म्हणतो.

नलिनी, माझी बायको, तेव्हा स्वयंपाकघरात होती. ती पलीकडंच राहिली. सुरुवातीला तिनं सकाळी मारलेली हाक दुपारी ऐकू यायची. चहा झालाय म्हणायची, मी निघायचो, पोचेपर्यंत चहावर साय धरलेली असायची. पुढं पुढं चालून पाय दुखायला लागले तरी ओटा दिसेना, म्हणून परत फिरलो.

हॉलमधल्या टेबलावर अ‍ॅम्पचं झाकण उघडत होतो तेव्हा तिचा आवाज आला.

"अहो, छातीत कसंतरी होतंय. इकडं या."

हे ती कधी म्हणाली असेल, काय सांगावं. आज, की गेल्या आठवड्यात. मला घाबरायला हवं होतं. मी घाबरलो नाही, हातातला स्क्रूसुद्धा पडला नाही. त्याचं वाईट वाटलं, तेही थोडंच.

अ‍ॅम्प ज्यामुळं बिघडला त्याचमुळं घर बिघडलं, तेव्हा एक नीट झालं की दुसरं होणार. ट्रान्सफॉर्मरची तार जळून काळी पडली होती. ती उलगडून टाकली. आता दोनशे तीसला टिकतील असे दुपटीहून जास्त वेढे घालायचे, तर घरात तार नाही. बोळाच्या तोंडाशी फरशी आणि भिंतीच्या मधे तांबं चमकत होतं. पकडीनं ओढलं. तार आली, वॉर्निश लावलेली, चांगल्या प्रतीची. बोळ तेवढा आखडला.

"दाजी, हललं," श्रीरंग म्हणाला.

मी गुंडाळायला बसलो. थरावर कागद, कागदावर पुढचा थर, आणि तार कायम ताणलेली. एकदा नाक खाजवायला जरा सैल सोडली तर बोळ पुन्हा लांबच लांब पळाला. त्यानंतर नाक खाजवलं नाही. वाटेत अडकलेल्या तिच्या हाका आता भराभर येऊ लागल्या. येताय ना, असं विचारत होती. मग रागावली. मग नुसतं अहो, अहो. मग काहीच आलं नाही, तरी मी गुंडाळत राहिलो.

बोळ संपला आणि स्वयंपाकघर माझ्या टेबलाला येऊन टेकलं. नलिनी सिलिंडरला पाठ लावून खाली बसली होती, एक हात छातीवर. चेहरा घामानं भिजलेला.

"आलात," ती म्हणाली.

"मी नाही आलो. तुला आणलं."

श्रीरंगला म्हटलं, ऊठ आता, तिला खालच्या डॉक्टरांकडं ने. त्यानं तिला काखेत धरून उचललं. ती उठेना. माझ्या हातातल्या तारेचं दुसरं टोक तिच्या मनगटात गेलं होतं, नाडीपाशी. कापावं म्हणून पकड घेतली. पण कापलं तर घर पुन्हा लांबणार, आणि एवढ्या वेढ्यांवर वीज लावली तर हेही जळणार. अजून एक थर कमी पडत होता आणि बोळ तर सगळा संपला होता.

"किती लागेल अजून?" तिनं विचारलं.

"थोडीच."

"मग घ्या."

लोकरीची लड धरतात तसा तिनं हात पुढं केला. मी नवा कागद घातला आणि वेढा दिला. आधी करंगळी तार होऊन आली, मग तिच्या शेजारचं बोट. तार कोमट होती.

"छातीत आता बरं वाटतंय," नलिनी म्हणाली.

मी तार ताणून धरली.