पळायला उशिरा शिकलेली भेकर

मित्रांनो, मी एक म्हातारी भेकर आहे. हरणांच्याच कुळातली, पण अंगाने जेमतेम शेळीएवढी. धोका दिसला की आम्ही कुत्र्यासारख्या भुंकतो. म्हणून रानात आमचा आवाज आधी ऐकू येतो आणि आम्ही बहुतेकदा दिसतच नाही. मी मात्र कित्येक वर्षे येईल त्याला दिसत होते. म्हसा गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, जाळीने वेढलेला एक माळ आहे. त्या जाळीशी कुणीही आले की मी आपणहून जवळ जायचे. ही खोड मला कशी लागली आणि कशी सुटली, तेच तुम्हाला सांगते.

मी जन्मले कारवीच्या दाट झाडीत. आई मला गवतात बसवून चरायला जायची. आमच्यात तशीच रीत आहे. पिलू हलले नाही, तर वाघरूसुद्धा त्याच्या शेजारून निघून जाते. एके दिवशी सहलीला आलेली माणसे तिथे पोहोचली.

"अगं बाई, आईने टाकलंय वाटतं बिचाऱ्याला," असे म्हणत एका बाईने मला ओढणीत गुंडाळले.

आईने मला टाकले नव्हते. ती कारवीआड उभी होती. माणसांची जीप निघाली तेव्हा ती जिवाच्या आकांताने भुंकत होती. गाडीतला एक जण म्हणाला, "इथे कुत्री कुठून आली?"

त्यांनी मला राघोकाकांच्या दारात आणले. राघोकाका मुरबाडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. पूर्वी कधीतरी माळशेज घाटात ट्रकची धडक बसलेले एक सांबर त्यांनी उचलून आणले होते आणि बरे केले होते. तेव्हापासून लोक त्यांच्याकडे जखमी हरणे आणू लागले. वनखात्याच्या माणसांनाही अशी जनावरे ठेवायला जागा नव्हती, तेही इथेच आणून देत. मग राघोकाकांनी घरामागचा सगळा माळ जाळीने बंद करून घेतला.

"कुठं मिळालं हे तुमाला?" राघोकाकांनी विचारले.

"तिकडे, डोंगरात."

"तिकडं म्हंजे कुठं? जागा दाखवा. आत्ताच नेऊन ठेवतो. हिची आई शोधत असल."

जागा कुणालाच आठवेना. त्यांना उशीर होत होता. जाताना त्यांनी माझ्याबरोबर एक फोटो काढला.

कमळकाकूंनी, म्हणजे राघोकाकांच्या बायकोने, मला शेळीच्या दुधावर वाढवले. वाडीवरची सोमी रोज पाल्याचा भारा घेऊन यायची. उंबराचा हंगाम असला की पदरात उंबरे आणायची. रविवारी आसनगावहून निशिगंधा नावाची कॉलेजातली मुलगी यायची. ती जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. यातल्या कुणालाही या कामाचा पगार नव्हता. राघोकाका ड्युटीवरून आले की ग्रीसचे हात धुऊन थेट जाळीत यायचे आणि माझ्या कानामागे खाजवायचे. त्या हाताला साबणाचा आणि ग्रीसचा मिळून एक वास असे. आईचा वास मी विसरले, तो या वासामुळेच.

बंड्या माझ्यानंतर आला. तो सांबराचा पाडा होता, शहापूरकडच्या एका कोरड्या विहिरीत पडलेला. मोठा झाला तसा तो देखणा दिसू लागला. म्हशाच्या जत्रेला आलेली माणसे वाट वाकडी करून त्याला बघायला यायची. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. निशिगंधा त्याला हातावर पाव भरवायची, मग बघायला आलेली मुलेही भरवायची. लोक म्हणत, "काय माणसाळलाय." ते कौतुक ऐकून आम्हा सगळ्यांनाच बरे वाटायचे.

दोन हजार एक साल असेल. बंड्या आता धडधाकट झाला आहे, त्याला रानात सोडा, असे वनखात्याकडून सांगणे आले. राघोकाकांनाही तेच हवे होते. त्यांनी त्याला दूरच्या डोंगरात नेऊन सोडले. परत आले तेव्हा ते कमळकाकूंना म्हणाले, "मागं वळून बघलं नाय त्यानं. चांगलं झालं."

थोड्याच दिवसांनी सोमी आली. तिच्या डोक्यावर भारा नव्हता. तो रविवार होता, निशिगंधाही तिथेच होती.

"दादा, बंड्या गेला," सोमी म्हणाली. "आमच्या वाडीच्या गुराख्यानं लांबून बघलं. शिकारी आलं होतं. बाकीची सांबरं पळाली, ह्यो उभाच. एकानं हात पुढं केला, तं हा चालत त्याच्याकडं गेला. काय खायला देतंय का, बघाया."

मग निशिगंधा खाली बसली. "काका, मीच त्याला पाव भरवायचे," ती म्हणाली.

"तू एकटीनं नाय गो," राघोकाका म्हणाले. "आपुन सगळ्यांनीच. दूध दिलं, पाला दिला, औषध दिलं. भीती द्यायची राहून गेली."

त्या दिवसापासून आमचा माळ बदलला. बघायला येणाऱ्यांना फाटक बंद झाले. नव्या पिलांना नाव देणे थांबले. दूधसुद्धा कमळकाकू बुरख्यासारखे गोणपाट अंगावर घेऊन पाजू लागल्या. आणि राघोकाकांच्या हातात काठी आली. आमच्यातले कुणी जवळ आले की ते ती दाणकन जमिनीवर आपटायचे आणि ओरडायचे. पिले उधळायची. मीही दचकायचे, पण थोड्या वेळाने पुन्हा त्यांच्याजवळ जायचे. तेच हात, तोच वास. माझे काय चुकले, ते मला कळत नव्हते. काठी माझ्या अंगावर कधीच बसली नाही. तरी ती आपटली की आत काहीतरी दुखायचे.

"हिला तरी येऊ द्या जवळ," कमळकाकू एकदा म्हणाल्या. "ही म्हातारी झाली. हिला कुठं सोडायचीय आता?"

"बाकीची हिला बघतात, कमळ. ही मानसाजवळ आली, की त्यांना वाटतं मानूस बरा असतो."

एवढे बोलून ते पाठ फिरवून उभे राहिले. त्यांना डोळे पुसताना मी जाळीतून पाहिले.

वर्षे अशीच गेली. पिले मोठी झाली, भित्री झाली, रानात गेली. त्यातले एकही परत आले नाही आणि कुणाच्या मरणाची बातमीही आली नाही. राघोकाका त्यावर समाधान मानत. मी तेवढी काठीला न जुमानता माळावर राहिले.

मग राघोकाकांना छातीचे दुखणे लागले. ते अंथरुणाला खिळले. एका सकाळी त्यांच्या हट्टापायी कमळकाकूंनी आणि निशिगंधाने त्यांची खाट जाळीशी आणून ठेवली. त्या वर्षी माळावर भेकरांची तीन लहान पिले होती. ती झुडपाशी उभी राहून बघत होती.

मी नेहमीसारखी खाटेकडे गेले. राघोकाकांनी उशाची काठी धरली आणि उचलू लागले. काठी थोडी वर आली आणि निसटून खाटेखाली पडली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांनी त्यांचा रिकामा हात माझ्या तोंडासमोर होता. मी डोके जाळीला टेकवले असते, तर त्याची बोटे जाळीतून माझ्या कानामागे पोहोचली असती.

पिले माझ्याकडे बघत होती.

मी मागे फिरले आणि भुंकले. जन्मात पहिल्यांदा भुंकले. मग पळत सुटले, आणि तिन्ही पिले माझ्या पुढे उधळली. माळाच्या पार टोकाला, करवंदीच्या जाळीत शिरेपर्यंत मी थांबले नाही.

मागून राघोकाकांचा बारीक आवाज आला, "बघलंस का कमळ? पळाली."

त्याच आठवड्यात ते गेले. तिन्ही पिले हिवाळ्यात रानात सोडली.

आता माळावर मी एकटीच आहे. कमळकाकू थकल्या. निशिगंधा येते, पण हाक मारत नाही. ती पाला ठेवते, फाटक लावते आणि लांब जाऊन उभी राहते. ती दिसेनाशी झाल्यावरच मी करवंदीतून बाहेर येते. राघोकाकांच्या हाताची आठवण येते. त्या सकाळी पळण्याआधी थोडे थांबले असते तर, असेही कधी मनात येते.

मित्रांनो, तुम्ही रानात जाल. गवतात एकटे बसलेले पाडस दिसेल. त्याला उचलू नका, आपली पावले मागे घ्या. आणि एखादे हरीण तुम्हाला बघून पळाले, तर वाईट वाटून घेऊ नका. त्याला हाक मारू नका, खाऊ दाखवू नका. ते दिसेनासे होईपर्यंत उभे राहा, आणि मग आपल्या वाटेने घरी जा.